आमच्या बचत गटाच्या मसाला उद्योगाला जवळच्या एमआयडीसीतल्या कंपन्यांचा सीएसआर निधी, म्हणजे समाजकामासाठी ठेवलेला पैसा, मिळेल का? हल्ली कंपन्या कशासाठी पैसे देतात?

तुम्ही लिहिलंय की गट मसाले-चटण्या करतो, एमआयडीसी जवळ आहे आणि कांडप यंत्रासाठी कंपनीकडे अर्ज करायचा आहे. बचत गटांचे असे प्रस्ताव लिहिणं आणि मंजूर झाले की राबवणं हेच माझं काम आहे, त्यावरून सांगते.

कंपनी गटाच्या खात्यात थेट पैसे टाकेल ही आशा धरू नका. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 प्रमाणे नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा करून उरतं ते) 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यातलं एक जरी लागू झालं तरी कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकामावर खर्च करावे लागतात. हा पैसा ती स्वतः खर्च करते, नाहीतर आपल्या फाउंडेशनमार्फत किंवा बाहेरच्या संस्थेमार्फत. बाहेरची संस्था असेल तर तिला 12ए आणि 80जी या प्राप्तिकराच्या नोंदण्या, तीन वर्षांचा अनुभव आणि 2021 पासून सीएसआर-1, म्हणजे कंपनी मंत्रालयाकडची नोंदणी लागते. गटाने या नोंदण्यांच्या मागे लागू नये. तुमच्या तालुक्यात काम करणारी, ही कागदपत्रं तयार असलेली संस्था गाठा. विषय तर नियमात बसतोच, कारण कायद्याच्या अनुसूची सातमध्ये उपजीविका आणि महिला सक्षमीकरण दोन्ही आहेत.

आता कल कुठे आहे ते. सुरुवातीच्या वर्षांत शाळेची स्वच्छतागृहं, पाण्याच्या टाक्या, वर्गखोल्या यांवर भर होता. काम दिसतं, फोटो निघतो आणि मार्चच्या आत बिल लागतं. शिक्षण आणि आरोग्य आजही सगळ्यात वर आहेत. पण 2021 मध्ये नियम बदलले आणि त्याचा फायदा तुमच्यासारख्यांना होऊ शकतो. चालू प्रकल्पाचा न खर्चलेला पैसा आता वेगळ्या खात्यात ठेवून पुढच्या तीन वर्षांत वापरता येतो, आणि खर्च टाळला तर दंड आहे. त्यामुळे दोन-तीन वर्षं चालणारे प्रकल्प कंपन्या पूर्वीपेक्षा मोकळेपणाने घेतात. उद्योग उभा राहायला एवढा काळ लागतोच. दुसरी बाजू अशी की मोठ्या कंपन्यांना मोठ्या प्रकल्पांचं प्रभाव मूल्यमापन, म्हणजे कामाचा किती उपयोग झाला याची तपासणी, बाहेरच्या संस्थेकडून करून घ्यावं लागतं. मग एका गटापेक्षा वीस-पंचवीस गटांचा एकत्र प्रस्ताव त्यांना सोयीचा वाटतो. म्हणून ग्रामसंघ किंवा प्रभागसंघाच्या, म्हणजे गावातल्या किंवा प्रभागातल्या गटांच्या संघाच्या, नावाने जा. उमेदच्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, तालुका कक्षात यासाठी मदत मिळते.

पण माझं खरं म्हणणं वेगळं आहे. यंत्र मागू नका, किंवा निदान पहिली मागणी ती करू नका.

मसाल्याच्या धंद्यात पैसा कुठे अडकतो ते तुम्ही जाणताच. मिरची फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये भरायची. ब्याडगी, गुंटूर, थोडी लवंगी, शिवाय धणे आणि खोबरं. वर्षभराचा माल दोन-अडीच महिन्यांत रोखीने घ्यावा लागतो आणि विक्री दिवाळीपर्यंत हळूहळू होते. मी पाहिलेल्या एका गटाला कंपनीने झकास कांडप यंत्र दिलं, उद्घाटन झालं, फलक लागला. पण मिरची भरायला पैसे नव्हते. बायका दुकानदाराकडून आठवड्यापुरती महाग मिरची आणायच्या, त्यामुळे दर परवडेना. त्यात वीजजोडणी घरगुती, थ्री-फेजची सोयच नाही. पावसाळ्यात यंत्रावर ताडपत्री पडली. त्या बायकांच्या कष्टात काडीची कसर नव्हती, म्हणून मला हे फार लागतं.

म्हणून प्रस्तावात खेळतं भांडवल लिहा. ते ग्रामसंघाकडे फिरता निधी म्हणून राहील आणि गट हंगामात उचलून दिवाळीनंतर परत करतील, असं स्पष्ट मांडा. सोबत थ्री-फेज जोडणी, माल तपासणीचा खर्च आणि हिशोब लिहिणाऱ्या एका मुलीचं मानधन धरा. यंत्रासाठी सरकारी वाट आहे. सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत, म्हणजे पीएमएफएमईमध्ये, 35 टक्के अनुदान (कमाल 10 लाख) आणि बचत गटाच्या प्रत्येक सदस्यामागे 40,000 रुपयांपर्यंत बीजभांडवल ठेवलेलं आहे. योजना यंदा चालू आहे का आणि मुदत काय, ते तालुका कृषी कार्यालयात विचारा. तरीही कंपनी यंत्रच देत असेल तर ते गटाच्या नावावर करून घ्या. सीएसआरमधून उभी राहिलेली मालमत्ता कंपनीला स्वतःच्या नावावर ठेवता येत नाही, आणि बचत गटाच्या नावावर ती ठेवायला नियमांत मुभा आहे.

सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला माणदेशी ही बायकांची संस्था आहे, तिचं काम जमलं तर प्रत्यक्ष बघून या. 1997 साली बायकांनी सहकारी बँक उभी केली आणि 2006 मध्ये एचएसबीसीच्या मदतीने ग्रामीण उद्योजक बायकांसाठी शाळा सुरू झाली. कर्ज आणि धंद्याचं शिक्षण हातात हात घालून चालतात, हे तिथे दिसतं. कंपनीचा पैसा शिकवण्यावर लागला तर तो किती लांब जातो, याचं इतकं चांगलं उदाहरण माझ्या डोळ्यांपुढे दुसरं नाही.

आणखी एक दार आहे, त्याच कंपनीचं. सीएसआर विभागात गेलात की कॅन्टीनचं कंत्राट कोण बघतं तेही विचारा. शेकडो कामगार रोज जेवतात तिथे मसाला लागतोच. ही खरेदी सीएसआरमध्ये मोजली जात नाही, पण गटाला ती अनुदानापेक्षा जास्त टिकवते. त्याआधी एफएसएसएआय (खाद्यपदार्थांसाठीची) आणि उद्यम (छोट्या उद्योगांसाठीची) नोंदणी करून घ्या. उद्यम असलेल्या छोट्या उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला आणि आर्थिक वर्ष संपेपर्यंतही पैसे दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षीच्या प्राप्तिकरात वजा करता येत नाही. कॅन्टीन ठेकेदार चालवत असेल तर पैसे कोण देणार, हे ऑर्डरवरच लिहून घ्या.

कोणती कंपनी कुठे खर्च करते हे तिच्या वेबसाइटवर आणि सीएसआरच्या सरकारी पोर्टलवर दिसतं. स्थानिक भागाला प्राधान्य द्यावं असं कायदा म्हणतो, ते पत्रात जरूर लिहा, पण ते बंधन म्हणून वापरता येत नाही. वर्षाचा कृती आराखडा संचालक मंडळात मंजूर होतो, त्यामुळे मार्चअखेर धावपळ करण्यापेक्षा डिसेंबर-जानेवारीत भेटा. जाताना मागच्या दोन हंगामांचा हिशोब न्या: मिरची किती, कोणत्या भावाने घेतली, किती किलो मसाला झाला, किती उधारीवर गेला. तो अजून लिहिलेला नसेल तर या आठवड्यात गटाच्या बैठकीत बसून लिहून काढा. अडलं तर खाली विचारा, मी उत्तर देईन.