वहिनी फोटोला लाजतात? सोप्यावरून (घराच्या ओसरीवरून) सुरुवात करा

भाऊ, 'जरा हस ना' म्हणणं आधी बंद करा. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावरच्या गर्दीतही त्यांना उभं करू नका. वहिनी सोप्यावर अबोली ओवत बसल्या असतील तेव्हा टिपा. हात गुंतले की चेहरा आपोआप सैल होतो. वर छपराची सावली, समोर अंगणातून येणारा मऊ उजेड, पोर्ट्रेटला आणखी काय हवं! ५० मिमी लेन्स, दोनेक मीटर अंतर, एफ/२.८ (लेन्सचं छिद्र, म्हणजे ॲपर्चर), शटर १/२०० सेकंद, फोकस जवळच्या डोळ्यावर. एफ/१.८ चा, म्हणजे आणखी मोठ्या छिद्राचा, मोह सध्या नको, दुसरा डोळा धूसर होऊ शकतो. १८ मिमीच्या वाइड लेन्सने चेहऱ्याजवळ गेलात तर नाक मोठं दिसतं, आणि वहिनी पुन्हा तयार होणार नाहीत. नावडलेला फोटो त्यांच्यादेखत पुसा. त्यांना विचारल्याशिवाय नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकही टाकू नका, सगळं यावरच अवलंबून आहे. पावसाळी अंधारात आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) ८००-१६०० पर्यंत बिनधास्त वाढवा.