नववीतला मुलगा म्हणतो, झाडं दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन. हे बरोबर आहे का?

नाही, झाडं चोवीस तास श्वसन करतात. दिवसा त्याच्या जोडीला प्रकाशसंश्लेषणही चालतं. भरपूर उजेडात श्वसनातून निघालेला कार्बन डायऑक्साइड पानं तिथल्या तिथे वापरून टाकतात आणि वर ऑक्सिजन उरतो, म्हणून दिवसाचं श्वसन लक्षात येत नाही. मी विज्ञान शिकवते. 'श्वसन म्हणजे वायूंची अदलाबदल' एवढंच पाठ केलेल्या मुलांत हा गैरसमज फार घट्ट बसलेला दिसतो. श्वसन म्हणजे पेशीनं ग्लुकोजमधून ऊर्जा मोकळी करणं, हे त्याला आधी सांगा. मग विचारा, जमिनीखालच्या मुळांना उजेडच नाही, ती जगतात कशी? जमलं तर ओहोटीला गोव्यातल्या चोडण बेटावरच्या सलीम अली पक्षी अभयारण्यात न्या. तिवर या खारफुटीच्या झाडाची श्वसनमुळं चिखलातून उभी वर आलेली भर दिवसा दिसतात, कारण त्या चिखलात ऑक्सिजन जवळजवळ नसतोच. घरी करायचं तर बंद बरणीत मोड आलेले मूग आणि वाटीत चुन्याची निवळी ठेवा. मुगांच्या श्वसनातून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे निवळी दुधाळ होते. मात्र 'रात्री झाडं कार्बन डायऑक्साइड सोडतात' हेही सरसकट खरं नाही: अननस रात्री पर्णरंध्रं (पानांवरची सूक्ष्म छिद्रं) उघडून तो आत घेतो, आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा वापरतो.