जीआय बिल राखून ठेवा, आधी हवाई दलाचे पैसे वापरा

नमस्कार ताई,

सॅन अँटोनियोहून पाठवलेलं तुमचं पत्र वाचलं. मुलगा पाच वर्षं अमेरिकी हवाई दलात विमान-देखभालीचं काम करतोय आणि करार संपायला चौदा महिने उरलेत. 'कम्युनिटी कॉलेज ऑफ द एअर फोर्स'च्या असोसिएट डिग्रीतलं (बॅचलर्सच्या आधीची, साधारण दोन वर्षांची पदवी) तांत्रिक शिक्षण त्याच्या खात्यावर जमा आहे. इंग्रजी लेखन, भाषण, गणित, समाजशास्त्र आणि मानव्यविद्या हे पाच विषय बाकी आहेत. 'वेळ नाही' म्हणून ते सोडून, सेवेतून बाहेर पडल्यावर जीआय बिलावर (सैनिकांना सेवेबद्दल मिळणारा सरकारी शिक्षणलाभ) खासगी कॉलेजात अशीच डिग्री घ्यायची असं तो म्हणतो. कमी पडलं तर पुण्यातली एफडी मोडायची तुमची तयारी आहे.

एफडी मोडू नका. तशी वेळच येणार नाही.

पाच विषयांचे मिळून १५ क्रेडिट. ट्यूशन असिस्टन्समधून, म्हणजे सेवेत असताना हवाई दल देत असलेल्या फीच्या मदतीतून, दर क्रेडिटला २५० डॉलरपर्यंत मिळतात, म्हणजे ३,७५० डॉलर. वर्षाची मर्यादा ४,५०० ची आहे आणि हे वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. पुस्तकं पदरच्या पैशांनी घ्यावी लागतील, आणि 'सी'पेक्षा कमी ग्रेड आली तर फीही परत करावी लागेल. गणित आणि समाजशास्त्र 'क्लेप' परीक्षेने (वर्गात न बसता क्रेडिट मिळवून देणारी परीक्षा) सुटू शकतात. सेवेतल्यांना तिचा पहिला प्रयत्न मोफत असतो. 'वेळ नाही' ही तक्रार मग तीन विषयांपुरतीच उरते.

खरी घाई इथेच आहे. हवाई दलाच्या कॉलेजची ही डिग्री सेवेत असतानाच पूर्ण करावी लागते. गणवेश उतरला की क्रेडिट कागदावर राहतात, डिग्री मात्र हुकते. याउलट १ जानेवारी २०१३ नंतर सेवा सोडणाऱ्यांच्या जीआय बिलाला मुदतच नाही. तरी तो मुदत असलेला लाभ सोडून बिनमुदतीचा आधी खर्चायला निघालाय!

शिवाय जीआय बिल ३६ महिन्यांचंच. वर्षाला नऊ महिने धरले तर त्यात चार वर्षांची बॅचलर्स बसते. राज्याच्या सरकारी विद्यापीठात स्थानिक दराची पूर्ण फी आणि वर घरभत्ता मिळतो. सगळे विषय ऑनलाइन घेतले तर भत्ता बराच घटतो. हे महिने जवळजवळ हातात आलेल्या असोसिएटवर घालवणं मला पटत नाही.

या डिग्रीची मर्यादाही सांगतो. ती उपयोजित विज्ञानाची आहे. इंजिनीअरिंगला जायचं असेल तर विद्यापीठ यातले बरेच तांत्रिक क्रेडिट धरणार नाही, म्हणून आधी त्यांच्याकडून ट्रान्सक्रिप्ट (विषय आणि ग्रेडची अधिकृत नोंद) तपासून घ्या. नोकरीच हवी असेल तर माझ्या मते या कागदापेक्षा एफएएचं (अमेरिकेचं नागरी विमान वाहतूक खातं) 'ए अँड पी' हे विमान-मेकॅनिकचं लायसन्स जास्त वजनदार. विमानाचा सांगाडा आणि इंजिन या दोन्हींवरच्या कामाचा मिळून ३० महिन्यांचा अनुभव दाखवता आला तर परीक्षेला बसता येतं. त्याने कामाच्या नोंदी आत्तापासून सही घेऊन जपाव्यात.

त्याला या आठवड्यातच तळावरच्या एज्युकेशन ऑफिसात पाठवा. ट्यूशन असिस्टन्सवर घेतलेला कोर्स सेवा सुटण्याच्या तारखेआधी संपावा लागतो, त्यामुळे चौदा महिने वाटतात तितके मोठे नाहीत.

जाता जाता तुमच्यासाठी: पुण्यातली एफडी आणि भारतातली इतर खाती मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असतील, तर एफबीएआर (परदेशी खात्यांची माहिती अमेरिकी सरकारला देणारा फॉर्म) भरताय ना?

आणि एक विचारून घ्या. पुढे जीआय बिल बायको-मुलांच्या नावे करायचं असेल तर सहा वर्षांची सेवा आणि आणखी चार वर्षांची हमी लागते, तीही सेवेत असतानाच. करार वाढवायचं त्याच्या मनात असेल तर पुन्हा लिहा. हिशोब नव्याने मांडावा लागेल.