आकाशदर्शनासाठी पुण्याच्या तापकीर गल्लीतून हिरवा लेझर पॉइंटर आणलाय, डिसेंबरात सिंहगडावर तो मंदावतो. त्यातून न दिसणारे किरणही येतात का? आणि त्यातल्या स्फटिकात धातू कशाला घालतात?

येतात. पाषाणला एका प्रयोगशाळेत लेझर जुळवण्याचंच काम करतो, म्हणून जरा खोलात सांगतो. आकाशदर्शनासाठी तापकीर गल्लीतून आणलाय म्हणता, त्या पॉइंटरवर 532 नॅनोमीटर (ही प्रकाशाची तरंगलांबी, तिच्यावरून रंग ठरतो) लिहिलं असेल, तर त्यातला हिरवा प्रकाश अगदी शेवटी तयार होतो. त्याआधीचं सगळं अवरक्तात, म्हणजे लालपलीकडच्या न दिसणाऱ्या प्रकाशातच चालतं.

आतला डायोड 808 नॅनोमीटरचा प्रकाश यिट्रियम व्हॅनाडेट या स्फटिकाच्या इवल्याशा तुकड्यावर टाकतो. शुद्ध व्हॅनाडेटमधून तो आरपार जाईल. म्हणून स्फटिक वाढवतानाच शंभरातल्या एखाद्या यिट्रियम अणूच्या जागी निओडिमियम या धातूचा अणू बसवतात. तो 808 शोषतो आणि 1064 सोडतो. मधली जवळपास चोवीस टक्के ऊर्जा उष्णतेत जाते. पुढे केटीपी नावाचा स्फटिक 1064 चे दोन फोटॉन (प्रकाशाचे कण) जोडून 532 चा एक करतो.

गंमत म्हणजे यिट्रियम ॲल्युमिनियम गार्नेट या वेगळ्याच स्फटिकात घातला तरी निओडिमियम 1064 च्या आसपासच चमकतो. कारण चमकणारे इलेक्ट्रॉन आतल्या कवचात असतात, बाहेरच्या कवचांआड झाकलेले. शेजारी कोण आहे याचं त्यांना फारसं पडलेलं नसतं. टायटॅनियमचं नेमकं उलट. त्याचा इलेक्ट्रॉन उघड्यावर असतो, स्फटिकाची प्रत्येक थरथर त्याला जाणवते. त्यामुळे नीलमण्यातला टायटॅनियम साधारण 650 पासून 1100 पर्यंत पसरट प्रकाश देतो.

आता काळजीचं. 808 आणि 1064 दोन्ही थेट दृष्टिपटलापर्यंत पोचतात, पण दिसत नसल्यामुळे पापणी मिटत नाही. चांगल्या पॉइंटरमध्ये पुढे अवरक्त अडवणारा फिल्टर असतो, स्वस्तातल्यात अनेकदा तोच गाळतात. 2010 मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या मोजमापांची मानकं सांभाळणाऱ्या संस्थेतल्या मंडळींना 10 मिलिवॅटच्या म्हणून विकलेल्या एका पॉइंटरमधून सुमारे 20 मिलिवॅट अवरक्त येताना आढळलं. त्यांनी सीडीवरून किरण पांगवून, अवरक्त अडवणारा फिल्टर काढलेल्या वेबकॅमने पाहिलं होतं. सीडीवरच्या बारीक रेघांमुळे प्रत्येक तरंगलांबीचे ठिपके ओळीने वेगवेगळ्या जागी पडतात. घरी कराल तर एक लक्षात ठेवा: 1064 चा ठिपका हिरव्याच्या दुसऱ्या ठिपक्यावरच पडतो, त्यामुळे वेगळा ओळखू येतो तो 808 चा. आणि सीडीकडे नाही, भिंतीकडे बघायचं.

डिसेंबरात सिंहगडावर तुमचा पॉइंटर मंदावतो, त्याचं एक कारणही या 808 मध्येच आहे. थंडीत डायोडची तरंगलांबी 808 वरून सरकते आणि निओडिमियमला ती नीट शोषता येत नाही.

नवा घेणार असाल तर 520 लिहिलेला बघा. त्यात डायोडच थेट हिरवा प्रकाश देतो, ही अवरक्ताची भानगडच नाही. डोळ्यांवर मात्र तोही मारायचा नाही.