तक्ता मिटवा, तिला फ्लास्ककडे परत जाऊ द्या

तुमचं पत्र आणि सोबतचा तक्ता वाचला. जँगो, नोड, स्प्रिंग बूट, लाराव्हेल, ही वेब सर्व्हिस बनवायची साधनं, आणि प्रत्येकापुढे पगाराचा रकाना. मुलगी कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिला वेब सर्व्हिसेस बनवायला शिकायचंय आणि तुम्हाला ‘यातलं एकच नाव’ हवंय. पण तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका वाक्यापाशी मी थांबले. तिनं फ्लास्क, पायथन भाषेतलं छोटं फ्रेमवर्क (वेब सर्व्हिसचा तयार सांगाडा), आवडीनं सुरू केलं होतं, ‘मार्केटमध्ये किंमत नाही’ म्हणून तुम्ही ते सोडायला लावलंत. मग नोड, आता जावा, म्हणजे स्प्रिंग बूटची भाषा. तिची धरसोड वृत्ती आहे अशी तुमची तक्रार आहे. स्पष्टच सांगते, धरसोड तुमची चाललीय. तिनं आजवर काय बनवलं, याबद्दल पत्रात एक ओळ नाही.

पहिलं फ्रेमवर्क चुकलं की करिअर चुकलं, हा समज आधी काढून टाका. लाराव्हेलची भाषा पीएचपी संपली असं लोक कित्येक वर्षं म्हणताहेत. विकिपीडिया आजही तिच्यावरच चालतो. इन्स्टाग्राम पायथनच्या जँगोवर उभं राहिलं. नावं वेगळी, पण खाली एचटीटीपी, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरच्या बोलण्याचे नियम, तेच. माहिती मागणारं गेट आणि माहिती पाठवणारं पोस्ट यांतला फरक, ४०१ (ओळख पटली नाही) कधी द्यायचा आणि ४०३ (परवानगी नाही) कधी, डेटाबेसमध्ये टेबलं कशी मांडायची, हे कुठंही बदलत नाही. डेटाबेसची भाषा एसक्यूएल तर १९७० च्या दशकातली आहे. एवढं पक्कं झालेल्या मुलीला पुढं स्प्रिंग बूट जड जात नाही. मोठ्या कंपन्यांत जावा लागते हे खरं, पण ते नंतर.

तेव्हा फ्लास्कच. सोबत एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस, त्याला वेगळा सर्व्हर लागत नाही, आणि पहिल्या दिवसापासून कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं गिट. महागडा कोर्स नको, फ्लास्कचं अधिकृत ट्यूटोरियल फुकट आहे. तिला वाचनालयाची छोटी सर्व्हिस बनवू द्या: पुस्तक नोंदवणं, देणं, परत घेणं. एकच प्रत एकाच क्षणी दोघांनी मागितली तर? इथं ती अडेल, आणि ट्रान्झॅक्शन (सगळे बदल एकत्र, नाहीतर एकही नाही) म्हणजे काय ते इथंच कळेल. मग लॉगिन, पासवर्ड हॅश करूनच, म्हणजे मूळ शब्द परत काढता येणार नाही अशा रूपात, साठवायचा. हे चाललं की पोस्टग्रेस हा मोठा डेटाबेस. तोवर तुम्ही प्रगती विचारू नका.

आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या. कुठं अडलं ते, एररच्या पूर्ण मजकुरासकट.