दोन वेळचं जेवण आणि यवतेश्वरचा घाट

प्रिय मुली,

तुझा लांबलचक मेसेज काल रात्री वाचला. फोन केला असता तर रागावून बोलले असते, म्हणून लिहितेय.

वजन दोन महिने 60 वर अडून बसलंय, कॅलरी मोजणाऱ्या ॲपचा वीट आलाय, आणि ऑफिसातल्या बाईंचं दहा दिवसांत तीन किलो उतरलं म्हणून सोमवारपासून तूही ‘दीक्षित’ करणार. इकडे जुलै निम्मा सरलाय आणि सप्टेंबरात सातारा हिल हाफ मॅरेथॉन आहे, यवतेश्वरचा घाट चढायची.

ऑफिसातल्या बाईंनी काही चुकीचं केलेलं नाही. डॉ. जगन्नाथ दीक्षित जे सांगतात, आणि त्यांच्याआधी डॉ. श्रीकांत जिचकार सांगत, त्याचा मुद्दा इन्शुलिनचा आहे: खाल्लं की ते वाढतं, म्हणून कमी वेळा खायचं. कडकडून भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत संपवायचं आणि रोज 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. नीट वाच, चालायचं. तू आठवड्याला 45 किलोमीटर पळतेस, त्यातले पंधरा-सोळा रविवारी, घाटात. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसासाठी बेतलेला अंगरखा तू घालायला निघालीस. तो वाईट शिवलेला नाही, तुझ्या मापाचा नाही इतकंच.

आणि ते तीन किलो? त्यातलं बरंचसं पाणी असणार. स्नायूंत आणि यकृतात साठलेल्या दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर, म्हणजे साठवलेल्या साखरेबरोबर, साधारण तीन ग्रॅम पाणी असतं. खाणं एकदम कमी झालं की आधी हा साठा उतरतो, पाणी जातं आणि काटा खूश करतो. बसून काम करणाऱ्याचं यात फारसं बिघडत नाही. तुझे पाय मात्र रविवारी त्याच साठ्यावर घाट चढतात.

आता तुझ्या जुन्या ॲपकडे येऊ. माझा खरा राग त्याच्यावर आहे. एक किलोमीटर पळायला ढोबळ मानानं वजनाच्या किलोमागे एक कॅलरी लागते. म्हणजे तुझे 45 किलोमीटर आठवड्याला 2700, दिवसाला जवळपास 385. ॲपनं दिल्यात 1400. पळण्याचे वजा कर, उरल्या हजाराच्या आसपास. त्यात हृदय, हाडं, पाळी, केस, ऑफिसचं काम, सगळं भागवायचं. तुझ्या अंगातली चरबी वगळली तर 45 किलो उरतात असं धरू. किलोमागे साडेबावीस कॅलरी झाल्या. हा आकडा बराच काळ 30 च्या खाली राहिला तर शरीर एकेका खात्याची वीज तोडायला लागतं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं 2014 मध्ये याला नाव दिलं, रेड-एस, म्हणजे व्यायामाच्या मानानं खाणं कमी पडल्यानं शरीराची होणारी उपासमार. पाळी चुकणं, नडगीचं हाड सतत दुखणं, थंडी वाजणं, विनाकारण चिडचिड ही त्याची लक्षणं.

मग वजन का अडलं? रविवारी पळून आल्यावर मिसळ, वर जिलबी, दुपारी ताणून झोप, संध्याकाळी आईच्या हातचं परत सगळं. आठवडाभर उपाशी ठेवलेलं शरीर रविवारी व्याजासकट वसूल करतं. यात तुझ्या जिभेचा दोष नाही गं.

हे मला कसं कळलं, तेही सांगते. 2014 साली मी एका केंद्राच्या पावडरीवर होते. सकाळ-संध्याकाळ शेक, मध्ये एक जेवण. सहा किलो गेलं, सगळे ‘काय बारीक झालीस’ म्हणायचे आणि मी फुलून जायचे. एका रविवारी कासच्या रस्त्यावर चौदाव्या किलोमीटरला हात थरथरायला लागले, डोळ्यांसमोर चांदण्या. कठड्यावर बसले. एक दूधवाला थांबला, त्यानं गाडीच्या डिकीतून पुडी काढून दोन कंदी पेढे हातावर ठेवले आणि मी खाऊन होईपर्यंत काही न बोलता उभा राहिला. महिन्याभरानं नडगी इतकी दुखायला लागली की जिना उतरवेना. एमआरआयमध्ये बारीक तडा निघाला. आठ आठवडे पळणं बंद. पाळी त्याआधी चार महिने आली नव्हती, आणि ती कटकट गेली म्हणून मी खूश होते. तुझी कधी आली होती? मेसेजमध्ये तू त्यावर चकार शब्द काढलेला नाहीस. तीन महिने झाले असतील तर आहाराचं नंतर बघू, आधी डॉक्टर. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तपासून घे.

ॲप सोडायचं असेल तर खुशाल सोड. पण सप्टेंबरपर्यंत वजन उतरवायच्या भानगडीत पडू नकोस, घाटाची तयारी आणि उपास एकत्र नांदत नाहीत. पहाटे पळायला निघण्याआधी केळं किंवा गुळाची दशमी. आल्यावर तासाभराच्या आत पोटभर जेवण: भाकरी, मटकीची उसळ, दोन अंडी, दही. चहा लगेच नको, तासाभरानं घे, नाहीतर उसळीतलं लोह वाया जातं. पळणं दीड तासाच्या वर जाणार असेल तर खिशात खजूर ठेव.

स्पर्धेनंतर तुला दोनच वेळा जेवायचं असेल तर मी अडवणार नाही. तेव्हा किलोमीटर कमी कर, पहिलं जेवण पळून आल्यावरचं ठेव, लांब पळायच्या दिवशी नियम गुंडाळून ठेव, आणि रोज 300 कॅलरींपेक्षा जास्त तूट नको. महिन्याला किलोभर उतरलं तरी पुष्कळ. ऑफिसात कुणाला ते दिसणारसुद्धा नाही, याची तयारी ठेव.

आता एक काम कर. चार दिवस जे पोटात जाईल ते वहीत लिही, त्यातला एक रविवार हवाच. वही घेऊन पुढच्या रविवारी पहाटे साडेपाचला पोवई नाक्यावर ये, खाऊन ये. मिसळीबरोबरचे पाव खरेखरे मोज. तर्री किती वेळा मागितलीस ते नाही लिहिलंस तरी चालेल.

तुझी,
ताई