राणीच्या बागेत झाडे आधी आली, प्राणी मागाहून

आपण विचारले आहे की मुंबईच्या राणीच्या बागेचा इतिहास काय, तिथे कोणते प्राणी खरोखर पाहण्यासारखे आहेत, आणि कोल्हापूरहून लहान मुलांना घेऊन मुद्दाम तिथे जाणे योग्य ठरेल का. ही बाग मी दोनदा सावकाश पाहिली आहे. पहिल्यांदा १९७४ साली शाळेच्या सहलीबरोबर आणि दुसऱ्यांदा अलीकडे, आठ वर्षांच्या नातवाचे बोट धरून. आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. जरूर जावे, मात्र ती मुळात झाडांची बाग आहे आणि प्राणी तिच्यात अठ्ठावीस वर्षांनी आले, हे ध्यानात ठेवून जावे. हे ठाऊक नसलेला माणूस पाटी वाचत एका पिंजऱ्याकडून दुसऱ्या पिंजऱ्याकडे धावतो, तासाभरात दमतो आणि 'एवढेच का?' म्हणत बाहेर पडतो.

पश्चिम भारतातील शेती व बागायतीच्या सुधारणेसाठी स्थापन झालेल्या एका संस्थेची शिवडीला वनस्पतींची बाग होती. तिच्यानंतर भायखळ्याला नवी बाग उभी राहिली आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर फ्रियर यांच्या पत्नीच्या हस्ते ती खुली झाली. नाव अर्थातच राणी व्हिक्टोरियाचे दिले गेले आणि मराठी माणसाने त्याची सरळ 'राणीची बाग' करून टाकली. पुढे १८७३ साली ती संस्था मोडली आणि बाग मुंबई महापालिकेकडे आली. प्राण्यांसाठी सुमारे पंधरा एकरांची जागा बागेला जोडली गेली ती १८९० साली, त्यामुळे प्राणिसंग्रहालयाचा खरा इतिहास तिथपासून धरावा लागतो. १९६९ साली बागेचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे झाले. या त्याच जिजाबाई, शिवछत्रपतींच्या मातोश्री. आपल्याकडे पन्हाळ्याहून करवीर राज्याचा कारभार पाहणाऱ्या जिजाबाई वेगळ्या, हे नातवाला सांगताना मला भायखळ्याच्या फुटपाथवर चांगली पाच मिनिटे लागली.

कोल्हापूरच्या माणसाला यात एक फरक चटकन जाणवतो. आपल्याकडे प्राणी पाळले ते दरबाराने आणि बहुतेक वेळा कामासाठी. राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी शिकारीसाठी शिकवलेले चित्ते होते. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता गाडीत बसवून माळावर न्यायचा आणि काळवीट दिसले की टोपी काढून त्याला सोडायचे, अशी ती शिकार असे. हिंदुस्थानातले चित्ते दुर्मीळ झाल्यावर कोल्हापूर दरबाराने आफ्रिकेतून चित्ते मागवले. शेवटी १९५२ साली हा प्राणी भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर करावे लागले. माणसांनी हत्तीला चिडवून दगडी बुरुजांआड लपायचे, हा साठमारीचा खेळही आपल्या गावाने पाहिला आहे. त्या काळाची खूण म्हणून नव्या राजवाड्याच्या संग्रहालयात पेंढा भरलेले वाघ आणि इतर प्राणी आजही काचेच्या डोळ्यांनी आपल्याकडे पाहत असतात. भायखळ्याचे प्राणी यांतल्या कोणत्याच कामासाठी नव्हते. गिरणीतल्या कामगाराने रविवारी बायकामुलांना घेऊन यावे, शेंगा खाव्यात आणि वाघ पाहून घरी जावे, एवढ्यासाठी महापालिकेने ते ठेवले. मुंबईत एके काळी 'मुंबई पाहिली' म्हणजे 'राणीची बाग पाहिली' असेच धरले जाई.

माझ्या पहिल्या भेटीत लोखंडी गजांचे पिंजरे होते, वास होता, आणि हत्तीवरची फेरी होती. हत्तीच्या पाठीवरच्या बैठकीत आम्ही पोरे एकमेकांना चिकटून बसलो होतो आणि हत्ती वळला की सगळे एका बाजूला कलंडायचो. त्या फेरीची आठवण मला अजून प्रिय आहे, परंतु ती बंद झाली याचे वाईट वाटत नाही. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने २००९ साली प्राणिसंग्रहालयांत हत्ती ठेवू नयेत असा निर्णय घेतला, कारण दिवसाला अनेक मैल चालणाऱ्या प्राण्याला बागेतले आवार कितीही केले तरी अपुरेच पडते. गजांच्या जागी काचा, खंदक आणि मोकळी आवारे आली तीही याच विचारातून. जुन्या पिंजऱ्यात वाघ हमखास दिसत असे, कारण त्याला लपायला जागाच नव्हती. नव्या आवारात तो झुडपाआड झोपू शकतो, त्यामुळे पंधरा मिनिटे काचेपाशी उभे राहूनही कधीकधी शेपटीचे टोकच दिसते. पाहणाऱ्याला हा तोटा वाटतो, वाघाला नसावा.

वाघांबद्दल थोडक्यात सांगायचे तर २०२० साली छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातून शक्ती आणि करिश्मा ही जोडी इथे आणली आणि पुढे त्यांना बछडीही झाली. बिबटे आणि अस्वलेही याच नूतनीकरणाच्या सुमारास आली. पक्ष्यांसाठी उंच जाळीचा एक मोठा पिंजरा केला आहे आणि त्यात माणसांनी आतून चालत जायचे असते. तिथे मुलांना फार आनंद होतो, कारण पक्षी डोक्यावरून उडत जातात आणि क्षणभर आपणच पिंजऱ्यात असल्यासारखे वाटते.

पेंग्विनांची चर्चा सर्वांत जास्त झाली, म्हणून त्यांच्याविषयी एक गैरसमज दूर करतो. हे बर्फातले पेंग्विन नव्हेत. हम्बोल्ट पेंग्विन दक्षिण अमेरिकेतल्या पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यावर राहतात. त्या किनाऱ्याजवळून समुद्राचा थंड प्रवाह वाहतो म्हणून त्यांना गारवा लागतो, पण किनारा स्वतः जवळजवळ वाळवंटच आहे. भायखळ्यात त्यांच्या दालनाचे तापमान साधारण सोळा ते अठरा अंश ठेवतात; म्हणजे आपल्याकडची डिसेंबरातली पन्हाळ्यावरची सकाळ. जुलै २०१६ मध्ये सेऊलहून आठ पेंग्विन आणले गेले, त्यांतला एक त्याच वर्षी दगावला आणि मार्च २०१७ मध्ये दालन लोकांसाठी उघडले. १५ ऑगस्ट २०१८ रोजी जन्मलेले पहिले पिल्लू जेमतेम आठवडाभर जगले. २०२१पासून मात्र पिल्ले जगू लागली. एवढ्या खर्चात दुसरे काय झाले असते, हा वाद मुंबईत पुष्कळ रंगला आणि तो अस्थानी होता असे मला म्हणवत नाही. तरीही काचेच्या पलीकडे पाण्यात शिरताक्षणी तो अडखळत चालणारा पक्षी गोफणीतून सुटलेल्या गोट्यासारखा जातो, हे पाहताना नातवाचे तोंड उघडेच राहिले होते. मात्र गर्दी असली की मागचे लोक पुढे सरकवत राहतात, त्यामुळे दालनात फार वेळ मिळत नाही.

माझे मत विचाराल तर सर्वांत जास्त वेळ पाणघोड्यापाशी घालवावा. त्याच्यासाठी कोणी रांग लावत नाही आणि बरेच लोक 'पाण्यात काही दिसत नाही' म्हणून दोन मिनिटांत निघून जातात. आम्ही कठड्यापाशी थांबलो तेव्हा हिरवट गढूळ पाण्यावर फक्त दोन कान आणि दोन डोळे दिसत होते. मग तेही बुडाले. नातू मोठ्याने आकडे मोजू लागला. तो एकशे ऐंशीच्या पुढे गेल्यावर मला वाटले की याने मोजताना आकडे गाळले असावेत, तेवढ्यात पाणी फुगले, दोन नाकपुड्या फट्कन उघडल्या आणि श्वासाचा असा फवारा उडाला की पुढचे सगळे मागे सरले. कान दोनदा गरागरा फिरले आणि त्यांतले पाणी उडाले. नातू म्हणाला, "आजोबा, ही तर आपली म्हैसच की!" पंचगंगेत म्हशी धुताना पाहिलेल्या आणि गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर धारोष्ण दूध प्यालेल्या पोराला दुसरे काय सुचणार?

निरीक्षण अगदीच चुकीचे नव्हते. म्हशीप्रमाणे पाणघोड्यालाही ऊन सोसत नाही आणि दिवसभर पाण्यात पडून राहून तो रात्री चरायला बाहेर निघतो. त्याला खऱ्या अर्थाने पोहता मात्र येत नाही. एवढे अवजड अंग तळाशी टेकते आणि तो तळावरून चालत किंवा उड्या घेत पुढे जातो. पाण्याखाली जाताना नाकपुड्या आणि कान आपोआप मिटतात आणि पाचेक मिनिटे तो श्वास रोखून धरू शकतो. त्याच्या कातडीतून लालसर चिकट द्रव पाझरतो, म्हणून त्याला रक्ताचा घाम येतो असे लोक म्हणत. तो रक्तही नाही आणि घामही नाही. उन्हापासून आणि जंतूंपासून कातडीचे रक्षण करणारे ते त्याचे स्वतःचे मलम आहे. थोड्या वेळाने प्राणिपालाने हिरव्या चाऱ्याचा भारा टाकला तेव्हा हे धूड पायऱ्या चढल्यासारखे पाण्याबाहेर आले आणि त्याने जबडा उघडला. आतले सुळे पाहिल्यावर नातवाने म्हशीची उपमा आपणहून मागे घेतली.

आणखी दोन प्राणी आवर्जून दाखवावेत. त्यांना चारापाणी लागत नाही. पहिला म्हणजे बागेला लागून असलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेरचा दगडी हत्ती. घारापुरीच्या बेटावर उभ्या असलेल्या याच हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला 'एलिफंटा' म्हटले. १८६४ साली त्याला इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला. उचलताना यारी मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेत आणले गेले आणि १९१४ साली जोडून हत्ती पुन्हा उभा केला. जवळ जाऊन पाहिले तर सांधे दिसतात. दुसरा प्राणी म्हणजे काळा घोडा. ज्याच्यावरून फोर्टातल्या त्या भागाला हे नाव पडले, तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ साली तिथून हलवून इथे आणला. घोडा इथे आणि नाव तिथे, अशी ही गंमत आहे.

आणि झाडे. एका मोजणीत बागेत २८६ जातींचे ३,२१३ वृक्ष नोंदले गेले होते. आपण बाग पाहायला जाल तेव्हा घागरीसारख्या फुगीर बुंध्याची गोरखचिंच, खोडालाच फुले आणि तोफगोळ्यांसारखी फळे लागणारा कैलासपती आणि, नशीब असेल तर, बहरातली उर्वशी पाहायला विसरू नये. काही वर्षांपूर्वी प्राणिसंग्रहालय आंतरराष्ट्रीय थाटाचे करण्याची मोठी योजना आली तेव्हा या झाडांच्या मुळावर घाव येईल म्हणून मुंबईकरांनी, त्यांतही काही वनस्पतिप्रेमी महिलांनी, चिकाटीने विरोध केला आणि योजना बरीच आटोपशीर करावी लागली. भर भायखळ्यात दुपारी बारा वाजता आम्ही सावलीतून फिरू शकलो, ते त्यांच्यामुळे.

मुलांना फक्त प्राणीच पाहायचे असतील, तर मुंबईपर्यंत जाण्याची गरज नाही. पुण्याला जाताना वाटेवरच असलेले कात्रजचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय सुमारे १३० एकरांवर आहे, म्हणजे राणीच्या बागेच्या दुपटीहून मोठे, आणि तिथले सर्पोद्यान विशेष चांगले आहे. गवा मात्र दाजीपूरच्या जंगलातच पाहावा. तो पिंजऱ्यात पाहणे आपल्याला शोभत नाही.

मुंबईचेच ठरले तर रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने जावे, सकाळी दादरला उतरून लोकलने भायखळा गाठावे आणि स्टेशनच्या पूर्वेकडून चालत बागेत शिरावे. बाग उघडते त्या सुमारास पोहोचल्यास पेंग्विनांचे दालन आधी उरकता येते आणि पाणघोड्यासाठी निवांत वेळ उरतो. बुधवारी बाग बंद असते, आणि कात्रजचे प्राणिसंग्रहालयही. आम्ही नेमके बुधवारी सकाळी फाटकापाशी उभे होतो. त्यामुळे तो दिवस लालबागला मावसभावाच्या घरी काढून गुरुवारी परत यावे लागले.